जुन्या जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांचे मूळ डॅशबोर्ड: तडे, फुगे, मीटर आणि सुटे भाग

काटा_शून्यावर

डॅशबोर्डच्या तड्यांबद्दल विचारणारे बहुतेक जण थेट "काय भरू?" इथूनच सुरुवात करतात. त्याआधी काय मेलंय ते बघायला हवं. डॅटसन २४०झेड असो, टोयोटाची एई८६ असो की माझ्दाची एफसी आरएक्स-७, रचना साधारण सारखीच: खाली सांगाडा (जुन्या गाड्यांत पत्र्याचा, नंतरच्यांत बराचसा प्लॅस्टिकचा), त्यावर पॉलियुरेथेन फोम आणि वर पीव्हीसीचं कातडं.

पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे ते मऊ राहतं. उन्हात बंद गाडीत डॅशचा माथा ८० अंशांच्या वर सहज जातो आणि हे प्लॅस्टिसायझर उडत राहतं. पुढच्या काचेवर आतून धरणारा तेलकट थर बराचसा त्याचाच. ते गेलं की कातडं आक्रसतं, पत्रा मात्र आक्रसत नाही, त्यामुळे कातडं ताणाखाली येतं आणि जिथे पातळ आहे तिथे फाटतं: व्हेंटचे कोपरे, स्पीकरची जाळी, मीटरच्या टोपीचा माथा. शिवाय फोममधले अमाइन पीव्हीसीला खालून खातात, म्हणून तड्याच्या कडा खालच्या बाजूने तपकिरी दिसतात.

तपासणी अंगठ्याने करा. दाबलं आणि परत वर आलं तर फोम जिवंत आहे. पापडासारखं कुरकुरलं तर तो गेला. तड्याच्या दोन्ही कडा बोटांनी जवळ येतात का बघा. टिचकी मारून पोकळ आवाज येतो का ऐका, तिथे कातडं सुटलेलं असतं.

माझा हिशेब असा: चार-पाच तडे, फट ३ मिमीच्या आत, कडा सपाट, फोम जिवंत, तर भरा. कडा वर वळलेल्या, फट ५ मिमीच्या पुढे, फोमचा भुगा, तर पूर्ण कातडं बदला. वरून चिकटवायचं तयार झाकण माझ्या यादीत नाही.

पेचकस_जेआयएस

छान सुरुवात. डॅश बाहेर काढताना जे मोडतं त्याबद्दल मी लिहितो, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं.

१. जपानी स्क्रूचं डोकं फिलिप्ससारखं दिसतं, पण ते जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) असतं. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि खाच गोल होते. नं. २ आणि नं. ३ चे जेआयएस पेचकस घ्या. नं. ३ च्या स्क्रूला नं. २ लावला की तो स्क्रू संपलाच म्हणून समजा. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो.

२. बोल्टची डोकी: एम६ (६ मिमीचा बोल्ट) ला १० मिमी, एम८ ला १२ मिमी, एम१० ला १४ मिमी पाना. एम८ ला १३ चा पाना लागला तर तो बोल्ट बहुधा नंतर कुणीतरी घातलेला आहे. सीटबेल्टचे बोल्ट मात्र मेट्रिक नसतात, ते ७/१६-२० यूएनएफ (इंची आट्यांचं माप) असतात. एम११ समजून भलतंच काही आवळू नका, आटे जातील.

३. बॅटरीची ऋण तार आधी. एफडी (एफसीनंतरची आरएक्स-७), होंडाची एनएसएक्स किंवा एअरबॅग असलेली कुठलीही गाडी असेल तर तार काढल्यावर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला (तारांच्या जोडणीला) हात लावा. एअरबॅगच्या वायरिंगवर मल्टिमीटरने रोध मोजायचा नाही.

४. कपलर थंडीत उघडू नका. चाळीस वर्षं जुनं प्लॅस्टिक गारठ्यात बिस्किटासारखं तुटतं. हेअर ड्रायरने कोमट करा, लॉक पूर्ण दाबा आणि कपलरला धरून ओढा, तारेला नाही.

५. केबलचा स्पीडोमीटर असेल तर केबलची चकती आधी हाताने सोडवा. डॅश पुढे ओढताना ही केबल विसरली की मीटरचा मागचा गळाच तुटून हातात येतो.

६. स्टिअरिंग कॉलम खाली सोडलात तर त्याला सीटवर उशी देऊन टेका द्या, लोंबकळत ठेवू नका.

काचेला हवा नेणाऱ्या नळ्यांचं प्लॅस्टिक पातळ आणि ठिसूळ असतं. त्या डॅशबरोबर ओढल्या जातात, म्हणून आधी सुट्या करा. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा लिहून. लांबी ४ मिमीने चुकली तरी स्क्रू पुढच्या बाजूने कातड्यातून बाहेर येतो.

नवी_चावी

झाकण का नको म्हणता? बाजारात ४० मिनिटांत बसणारं एबीएस प्लॅस्टिकचं झाकण मिळतं, दिसायलाही बरं असतं. गाडी रोज चालवायची असेल तर काय बिघडलं?

काटा_शून्यावर

@नवी_चावी, दिसायला बरं आहे, मान्य. अडचण चिकटवण्यात आहे. ही झाकणं सिलिकॉन सीलंटने बसवतात. उद्या ते काढलंत तर मूळ कातडं सोबत सोलून येतं, आणि जिथे राहतं तिथे सिलिकॉनचा अंश मुरलेला असतो. त्यावर ना लांबी (पुट्टी) धरते, ना रंग. म्हणजे भरता आला असता तो डॅशही बाद. दुसरं म्हणजे झाकणाची २-३ मिमी जाडी. व्हेंटच्या कडा आणि मीटरच्या टोप्या जाड दिसतात, २४०झेडच्या मधल्या तीन मीटरच्या खोल विहिरींना तर ते अजिबात शोभत नाही.

झाकण लावायचंच असेल तर सिलिकॉन न वापरता दुहेरी टेपने, कडांना चार-सहा ठिकाणी. उन्हात थोडं उचलेल, पण परत काढता येईल.

पुट्टीवाला_नाना

आता भरायची रीत. घाई करणाऱ्यांनी ही पोस्ट सोडून द्यावी, एका डॅशला चार-पाच दिवस जातात आणि त्यातला बराचसा वेळ नुसता वाळण्याचा असतो.

सफाई. वर्षानुवर्षं मारलेलं चकाकीचं पॉलिश हा खरा शत्रू. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, नायलॉनचा मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल दोनदा, दर वेळी नवीन फडकं. पाण्याचा थेंब टाका. गोळी होऊन राहिला तर पॉलिश अजून आहे, सपाट पसरला तर पुढे चला.

तडा उघडणं. तडा दिसतो त्याच्या ३-४ मिमी पुढे केसाएवढा गेलेला असतो. तिथे २ ते ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. वर वळलेल्या कडा धारदार ब्लेडने कापून टाका, कातडं सपाट टेकेपर्यंत. त्या दाबून खाली चिकटवायच्या फंदात पडू नका, पुढच्या उन्हात पुन्हा उभ्या राहतात. वरती ५-६ मिमी रुंद अशी खाच करा. खालचा फोम ४-५ मिमी खोल काढा आणि कातड्याच्या खाली दोन्ही बाजूंना ५ मिमी आत कोरा. भरलेला माल त्या खोबणीत अडकून बसतो. नुसता वरून भरलेला माल काठाशी सुटतो.

माल. गाडीच्या बॉडीला लावतात ती पॉलिएस्टरची लांबी इथे चालत नाही. ती दगडासारखी कडक होते, बाजूचं कातडं मात्र तापलं की हलतं, मग भेग पडते ती बरोबर जोडावर. दोन भागांचं लवचिक पॉलियुरेथेन किंवा लवचिक इपॉक्सी घ्या, कातड्याच्या जवळपास कडकपणा असलेलं. शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) ७० ते ८५ ठीक. खिडकीच्या चौकटीत मारतात तो डब्यातला फोम पोकळी भरायला वापरू नका. तो दोन दिवस फुगत राहतो, कातडं वर ढकलतो आणि नंतर बसतो.

२ ते ३ मिमीचा पहिला थर, वाळू द्या, मग दुसरा थर काठापेक्षा किंचित वर. खोली २०-२५ अंश, २४ तास. घासण्यासाठी १२०, १८०, २४०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, रबरी ठोकळ्यावर. बोटाने घासलं तर मधोमध खड्डा पडतो आणि तो रंग लागल्यावरच दिसतो.

कातड्याची जाळी, म्हणजे पृष्ठभागावरचा पोत. स्प्रेचं टेक्स्चर मारलं की गोल गोल दाणे येतात, मूळ जाळी मात्र चामड्यासारखी असते, त्यामुळे दुरूनही ओळखू येतं. त्याच डॅशच्या न दिसणाऱ्या भागावर मोल्डिंगचं सिलिकॉन २-३ मिमी जाड ओतून ठसा काढा आणि शेवटचा थर ओला असताना त्यावर दाबा. ठसा घेतला त्या जागेवर आणि जिथे दाबला तिथे नंतर पुन्हा अल्कोहोलने सफाई हवीच. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन अमाइन किंवा गंधकाच्या संपर्कात नीट घट्ट होत नाही, म्हणून आधी कोपऱ्यात नाण्याएवढा नमुना करा.

रंग. ॲडहेजन प्रोमोटर (रंग धरून राहावा म्हणून आधी मारायचा थर), मग व्हिनाइलचा रंग, ४ ते ५ अगदी पातळ हात, १०-१५ मिनिटांच्या अंतराने. जाड हात मारला तर जाळी बुजते. रंग पूर्ण डॅशला, डागापुरता नाही. आणि "काळा" हा एकच रंग नसतो. ऊन न लागलेला भाग, म्हणजे ग्लोव्हबॉक्सच्या आतली कड, समोर ठेवून जुळवा. चकाकी कमीच ठेवा, नाहीतर डॅश काचेत दिसत राहतो.

एवढं सगळं बरोबर करूनही जुन्या तड्याच्या शेजारी नवा तडा येऊ शकतो. कातडं अजून ताणाखालीच आहे, तुम्ही फक्त एक फट बुजवलीत. म्हणून फट ५ मिमीच्या पुढे असेल तर माझंही मत वरच्यासारखंच: कातडं बदला.

रोटरी_त्रिकोण

@पुट्टीवाला_नाना, कातडं बदलण्याबद्दल भर घालतो. हे काम व्हॅक्यूम फॉर्मिंगने होतं: जुनं कातडं सोलायचं, फोम बांधायचा, तापवलेलं व्हिनाइल त्यावर ओढून घ्यायचं. त्यात तीन गोष्टी हरवतात. एक, धारदार कडा गोल होतात. दोन, जिथे व्हिनाइल जास्त ताणलं जातं तिथे जाळी फाकते, मीटरच्या विहिरीत हे हमखास. तीन, भोकं. नवं कातडं १ मिमी जाड धरलं तरी भोकाचा व्यास दोन्ही बाजूंनी मिळून २ मिमीने कमी होतो आणि मीटर बसत नाही. म्हणून डॅश पाठवण्याआधी प्रत्येक भोकाचा पुठ्ठ्याचा साचा करा आणि त्याचं केंद्र कातड्यावरून न मोजता सांगाड्याच्या बोल्टपासून मोजून ठेवा. मीटरचं एक रिकामं कवचही सोबत द्या, बसवून बघायला.

सांगाडा उघडा पडेल तेव्हा गंज घासून इपॉक्सी प्रायमर मारून घ्या. ही संधी परत येत नाही.

बत्तीस_नंबरी

निसानच्या आर३२ स्कायलाइनचा (१९८९-९४) आजार वेगळा आहे. तिथे तडा कमी आणि फुगा जास्त: व्हेंट आणि मीटरच्या आसपास कातडं फोमपासून सुटून वर येतं. वरची तडा-पद्धत त्याला लावू नका, कापलंत की सगळं बिघडतं.

फुगा लहान (साधारण तळहाताच्या आत) असेल तर: हीट गनने लांबून, ६० ते ७० अंशांपर्यंत, हाताने जेमतेम सोसवेल इतपत. न दिसणाऱ्या बाजूने १ मिमीची सुई, आतली हवा काढा, पातळ लवचिक चिकटवण सोडा, बोटाने काठाकडून सुईकडे दाबत या, वर न चिकटणारा कागद आणि वाळूची पिशवी, २४ तास. डॅशला बाक असतो, त्यामुळे सपाट फळी ठेवून उपयोग नाही, वाळूची पिशवीच हवी.

चुका दोन. सॉल्व्हंटवालं कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह आत सोडणं, ते बाहेर न उडता कातडं मऊ करतं आणि फुगा आणखी मोठा होतो. आणि ताणलेलं कातडं तसंच दाबणं. जास्तीचं कातडं कुठेतरी जाणारच, सुरकुती पडते. आधी उष्णतेने ते थोडं आकसू द्या. फुगा सगळ्या माथ्यावर असेल तर इंजेक्शनची पद्धत सोडा.

तबकडी

मीटर राहिले.

केबलचा स्पीडोमीटर. जेआयएस प्रमाणात केबल मिनिटाला ६३७ फेरे फिरली की काटा ताशी ६० किमीवर. मैलांच्या तबकडीचं प्रमाण वेगळं असू शकतं, बऱ्याचदा मिनिटाला १००० फेऱ्यांना ६० मैल. त्यामुळे मैलांची तबकडी बदलून किमीची लावली म्हणजे मीटर बरोबर झाला असं नाही. तपासायला केबलच्या जागी ड्रिल लावा (दिशा केबलची कुठली ती आधी बघा) आणि फेरे ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजा. जपानी बाजारातल्या तबकड्या बहुतेक १८० वर संपतात. १९८६ च्या आधीच्या जपानी बाजाराच्या गाडीत मीटरमागे दोन जास्तीच्या तारा दिसल्या तर त्या १०५ किमीच्या आसपास किणकिणणाऱ्या घंटेच्या असू शकतात. त्या कापू नका.

काटा थरथरतो तो बहुधा केबल कोरडी किंवा मुडपलेली असल्यामुळे. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच. वरच्या टोकाला लावलं तर फिरणारी केबल ते मळसूत्रासारखं वर चढवते, मीटरमधल्या चुंबक आणि वाटीत ग्रीस जातं आणि काटा जास्त दाखवू लागतो.

काटा काढणं. आधी अडणीवरून (काटा शून्यावर अडवणारी खुंटी) काटा उचलून तो मोकळा कुठे थांबतो ती जागा टिपून ठेवा. ही खूण नसेल तर स्प्रिंगचा ताण परत जुळवायला ड्रिलचा सगळा प्रयोग करावा लागतो. सरळ वर ओढा, पिळू नका.

ओडोमीटर, म्हणजे एकूण अंतराचे आकडे. अडला म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचं छोटं चक्र आक्रसून दांड्यावर फुटलेलं असतं. ते ॲसिटल प्रकारच्या प्लॅस्टिकचं असेल तर त्यावर कुठलीही चिकटवण धरत नाही. दात मोजा आणि नवं चक्र घाला. उघडण्याआधी आकड्यांचा फोटो आणि नोंद, नंतर तोच आकडा. इथे प्रामाणिकपणा नसेल तर बाकीच्या कामाला अर्थ नाही.

पेट्रोल आणि तापमानाचे काटे. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत हे तापणाऱ्या बायमेटलचे (दोन धातूंच्या जोडपट्टीचे) असतात आणि त्यांना एक छोटा नियामक व्होल्टेज कमी करून देतो. दोन्ही एकदमच चुकले तर नियामक किंवा अर्थिंग, एकटाच चुकला तर त्याचा सेन्सर. काट्याला सरळ १२ व्होल्ट देऊन "चालतो का" बघू नका, आतली तार जळते. जुना नियामक चालू-बंद होत राहतो, म्हणून डिजिटल मीटरवर आकडा नाचतो. तो दोष नाही.

२४०झेडचा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर). सुरुवातीच्या गाड्यांत इग्निशन कॉइलकडे जाणारा प्रवाहच टॅकोमीटरमधून वळसा घेऊन जातो, म्हणजे तो प्रवाह मोजतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं की काटा वेडावाकडा होतो किंवा मरतो. दोष टॅकोमीटरचा नाही. आणि तो वळसा तोडून टॅकोमीटर बाजूला काढलात तर तिथे तार जोडल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही.

बल्ब. टी१० आणि टी५ ही बल्बच्या आकाराची नावं: टी१० ला ३.४ वॅट, टी५ ला १.२ वॅटच्या आसपास. जास्त उजेडासाठी ५ वॅट घातला की आतला रंगीत पडदा तपकिरी होतो आणि मग तो कुठेच मिळत नाही. एलईडी घालणार असाल तर बॅटरी चार्जच्या दिव्याला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो, एलईडीतून तो पुरत नाही आणि चार्जिंग चालूच होत नाही.

पुढची पारदर्शक काच ॲक्रिलिकची असते. काच पुसायचा अमोनियावाला द्रव किंवा अल्कोहोल लागला तर आत जाळीदार भेगा पडतात. २०००, मग ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात, मग प्लॅस्टिकचं पॉलिश.

डाग_देणारा

मीटरमागच्या लवचिक तांब्याच्या पट्टीबद्दल: तांबं काळं पडलं असेल तर पेन्सिलीचा खोडरबर पुरे, पॉलिश पेपर नको. मार्ग तुटला तर पट्टीवरच डाग देऊ (सोल्डर करू) नका, खालचं प्लॅस्टिक वितळतं. दोन्ही टोकांच्या स्क्रूंना पातळ तार लगने (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीने) जोडा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला बनलेल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मोठा रोग म्हणजे गळणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. एनएसएक्सचं वातानुकूलनाचं कंट्रोल युनिट याचं ठळक उदाहरण. पंखा आपोआप वेग बदलतो, डिस्प्ले मंद होतो, बटणं कधी चालतात कधी नाही. बोर्ड उघडल्यावर डाग देताना सडक्या मासळीसारखा वास आला तर गळती नक्की.

कपॅसिटर पिळून काढू नका, बोर्डावरचं तांब्याचं पॅड उचलून येतं. दोन सोल्डरिंग आयर्नने दोन्ही पाय एकदम तापवून उचला. गळलेला द्रव अल्कधर्मी असतो: पातळ व्हिनेगरचा बोळा, मग डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळवण. नवे १०५ अंशांचे, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, उंची मोजून (झाकण बंद झालं पाहिजे). बोर्ड बरा चालत असला तरी त्या काळातले सगळे एकाच वेळी बदला, एकेक बदलत बसू नका.

नवी_चावी

भाग क्रमांक कसे वाचायचे कुणी सांगेल का? विकणारे "ओरिजिनल" म्हणतात, पण क्रमांक वेगळाच असतो.

पेचकस_जेआयएस

निसान आणि टोयोटात ५-५ अशी रचना, म्हणजे पाच-पाच आकडे-अक्षरांचे दोन गट. पहिले पाच भागाचा प्रकार सांगतात: निसानमध्ये ६८२०० म्हणजे डॅश, टोयोटात ८३८०० म्हणजे मीटरचा संच. पुढचे पाच मॉडेल आणि आवृत्ती: निसानमध्ये आर३२ जीटी-आरच्या भागांत ०५यू दिसतं, आर३३ जीटी-आरच्या भागांत २४यू. टोयोटाच्या आतल्या भागांना शेवटी आणखी दोन अक्षरं रंगाची. होंडात मधली तीन अक्षरं गाडीची, एसएल० म्हणजे एनएसएक्स. माझ्दात उलटं, गाडी आधी: एफडी०१, एनए०१, त्यानंतर ५५ म्हणजे मीटरचा गट.

पहिले पाच जुळतात आणि शेवटचे एक-दोन वेगळे आहेत, तर तो बहुधा नंतर सुधारलेला भाग किंवा दुसरा रंग. पहिले पाचच वेगळे असतील तर विकणाऱ्याशी वाद घालत बसू नका, तो भागच दुसरा आहे. डाव्या-उजव्या स्टिअरिंगचा फरकही शेवटच्या पाचांतच लपलेला असतो.

रोटरी_त्रिकोण

आणि कंपन्यांकडे बघायला विसरू नका. निसानच्या निस्मोने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरसाठी हेरिटेज भाग (जुन्या गाड्यांसाठी पुन्हा बनवलेले सुटे भाग) सुरू केले, मग आर३३ आणि आर३४. टोयोटाचे जीआर हेरिटेज भाग २०२० पासून: ए७० आणि ए८० सुप्रा, २०००जीटी, पुढे एई८६. माझ्दाने पहिल्या रोडस्टरचे भाग पुन्हा बनवले, त्यात नार्डीचं लाकडी स्टिअरिंगसुद्धा. होंडाचं एनएसएक्स रिफ्रेश (एनएसएक्स नव्यासारखी करून देण्याची कंपनीची सेवा) तर १९९३ मध्येच सुरू झालं. याद्यांत काय आहे ते बदलत राहतं, आपला क्रमांक टाकून बघायचा.

नवी_चावी

शेवटचं एक. खोक्यातला न वापरलेला जुना डॅश मिळाला तर सगळी कटकट वाचेल ना?

काटा_शून्यावर

ऊन लागलेलं नसतं हे खरं, पण प्लॅस्टिसायझर खोक्यातही हळूहळू उडतं आणि फोमला दमटपणा पुरतो. घेण्याआधी विकणाऱ्याला मीटरच्या टोपीचा माथा अंगठ्याने दाबतानाचा व्हिडिओ मागा, आणि तड्यांपेक्षा व्हेंटच्या कोपऱ्यांतल्या बारीक पांढऱ्या रेषा बघा. मिळाल्यावर थंडीत बसवू नका. दिवसभर उबदार खोलीत ठेवा, सगळे बोल्ट आधी सैल लावा, मग मधून बाहेरच्या बाजूला आवळत जा. टोकाचे आधी आवळले की नवा डॅश बसवतानाच कोपऱ्यातून फाटतो.